यंत्राची थरथर मोजणारा काटा
(त्वरणमापक सेन्सरचे आकडे कसे वाचावेत व कसे तपासावेत)



मागे एका हंगामात, ऐन जानेवारीत, आपले गाळप रात्री साडेचार तास बंद राहिले होते. गव्हाणीपासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची रांग लागली. तोडलेला ऊस वाळत होता आणि थंडीत गाडीवान शेकोट्या करून बसले होते. कारण असे सांगण्यात आले की, फायब्रायझरच्या मुख्य मोटारीवरचा कंपनाचा सेन्सर लाल आकडा दाखवत होता आणि मोटार आपोआप बंद पडली. मोटारीचे बेअरिंग उघडून पाहिले तर ते ठणठणीत निघाले.

पुढे गट सभेत एका वडीलधाऱ्या सभासदांनी आम्हाला उभे करून विचारले, "साहेब, आमचा ऊस फडात तोडून पडलेला, आणि तुमचं यंत्र म्हणतंय थांबा. मग आता सांगा, मोटार खोटी का यंत्र खोटं?" दुसरे एक जण म्हणाले, "असलं यंत्र काढून टाका की! पूर्वी फोरमन बेअरिंगवर हात ठेवून सांगत होता."

त्या वेळी आम्ही चार शब्दांत उत्तर दिले, पण त्याने कोणाचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही. म्हणून या अंकात हा विषय जरा विस्ताराने मांडत आहोत. विषय यंत्रशाळेचा असला तरी त्यातले तत्त्व आपणा सर्वांच्या रोजच्या ओळखीचे आहे. ज्याला वजनकाटा कळतो त्याला हेही कळेल.

१. आधी आपला वजनकाटा

ऊस घेऊन काट्यावर आलेला सभासद दोन गोष्टी पाहतो. पहिली, गाडी काट्यावर चढण्यापूर्वी आकडा शून्य आहे की नाही. दुसरी, काट्यावर जेवढे वजन ठेवले तेवढेच तो दाखवतो की नाही. पहिली गोष्ट डोळ्यांनी दिसते. दुसरीसाठी शिक्क्याची प्रमाणित वजने ठेवून पाहावी लागतात, आणि वैध मापनशास्त्र खात्याचे निरीक्षक तेच करतात.

समजा काटा रिकामा असतानाच ४० किलो दाखवतो. तर तो प्रत्येक गाडीला ४० किलो जास्त दाखवील, मग गाडी लहान असो वा मोठी. ही झाली शून्याची चूक. आता समजा शून्य बरोबर आहे, पण १० टन ठेवले तर काटा १०.१ टन दाखवतो. म्हणजे २० टनांना तो २०.२ दाखवील. वजन वाढेल तशी चूक वाढेल. ही झाली मापाची चूक. या दोन चुका वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. शून्य नुसते जुळवून मापाची चूक जात नाही.

कॅलिब्रेशन हा शब्द आपण आता सर्रास ऐकतो. त्याचा अर्थ एवढाच, की ज्याचे खरे मोल आपल्याला आधीच माहीत आहे अशी गोष्ट यंत्रापुढे ठेवायची, यंत्र काय म्हणते ते लिहून घ्यायचे, आणि दोहोंतला फरक काढून पुढच्या प्रत्येक आकड्यात तेवढी दुरुस्ती करायची. सेन्सर कितीही महागाचा असो, त्यालाही हे चुकत नाही.

२. त्वरण म्हणजे काय, आणि टेबलावरचा फोन 'पळतो' कसा?

एस.टी. अचानक सुटली की आपण मागे रेलतो, ब्रेक लागला की पुढे झुकतो. वेग एकसारखा असेल तर काही जाणवत नाही. वेग बदलताना जाणवते. वेग दर सेकंदाला किती बदलतो, त्या मापाला त्वरण म्हणतात. ते मोजणाऱ्या सेन्सरला त्वरणमापक किंवा इंग्रजी नावाने ॲक्सेलरोमीटर म्हणतात.

हाती असलेली वस्तू सोडली की ती खाली पडताना दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रतिसेकंद एवढा वेग घेत जाते. हे पृथ्वीच्या ओढीचे त्वरण. त्याला 'एक जी' म्हणतात. जगभर हिशेबासाठी त्याचे ठरवून दिलेले मोल ९.८०६६५ आहे. प्रत्यक्षात विषुववृत्तावर ते ९.७८ च्या आसपास, तर ध्रुवांवर ९.८३ च्या आसपास असते. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात ९.७८ धरले तरी घरगुती कामाला पुरेसे आहे.

आता एक गंमत पाहा. त्वरणमापक टेबलावर अगदी स्थिर ठेवला तरी तो शून्य दाखवत नाही, एक जी दाखवतो. आणि तोच हातातून सोडला तर पडत असताना शून्य दाखवतो! नवख्या माणसाला वाटते यंत्र बिघडले. पण ते बिघडलेले नसते.

स्प्रिंगच्या ताणकाट्याला गुळाची ढेप टांगली आहे अशी कल्पना करा. काटा स्थिर धरला आहे, ढेपही स्थिर आहे, तरी स्प्रिंग ताणलेली आहे आणि काटा वजन दाखवतो आहे. आता काट्यासकट ढेप खाली सोडून दिली तर दोघेही बरोबरच पडतील, स्प्रिंगला ताण राहणार नाही आणि काटा शून्यावर येईल. त्वरणमापकाच्या आत असेच एक इवलेसे वजन व स्प्रिंग असते. स्प्रिंगला किती ताण पडला एवढेच त्याला कळते. ताण गाडीच्या धक्क्याने पडला की पृथ्वीच्या ओढीने, हे त्याला वेगळे ओळखता येत नाही. ते ओळखणे आकडा वाचणाऱ्याचे काम आहे. ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली तर या विषयातला निम्मा गोंधळ संपतो.

३. सेन्सरच्या पोटात काय असते?

आपल्या कामात दोन जातींचे सेन्सर येतात.

पहिली जात मोबाईल फोनमधली. सिलिकॉनच्या चिपवर कोरून काढलेले एक अतिसूक्ष्म वजन, त्याला धरून ठेवणाऱ्या सिलिकॉनच्याच बारीक पट्ट्या, आणि शेजारी फणीच्या दातांसारखी रचना. वजन किंचित सरकले की दातांमधले अंतर बदलते, त्याने विद्युत-धारकता बदलते आणि त्यावरून आकडा निघतो. असे तीन दिशांचे सेन्सर एकाच चिपमध्ये असतात. फोन आडवा केला की चित्र आडवे होते, ते यांच्याच जिवावर.

दुसरी जात कारखान्यातल्या यंत्रांवर बसणारी. हिच्यात एक विशिष्ट स्फटिक किंवा सिरॅमिकचा तुकडा असतो. तो दाबला की त्यावर विद्युतभार उमटतो. हा गुण प्येर आणि झाक क्यूरी या दोघा भावांनी १८८० साली दाखवून दिला. कंपनाने आतले वजन तुकड्याला दाबते-सोडते आणि तेवढी वीज बाहेर येते. या जातीचे एक वैशिष्ट्य असे की तिला फक्त हलणारे कळते. पृथ्वीची स्थिर ओढ तिला दिसत नाही. त्यामुळे तिची तपासणी फोनच्या सेन्सरहून वेगळ्या रीतीने करावी लागते. ती पुढे सांगू. आधी घरच्या घरी होणारा पाठ घेऊ.

४. घरी करून पाहण्याचा पाठ : सहा बाजूंची तपासणी

वजनकाटा तपासायला प्रमाणित वजने लागतात. त्वरणमापक तपासायला मात्र पृथ्वीने सर्वांना फुकट एक प्रमाणित वजन देऊन ठेवले आहे. ते म्हणजे एक जी. सेन्सरची एखादी बाजू बरोबर आकाशाकडे केली तर त्या दिशेने अधिक एक जी दिसला पाहिजे, आणि तीच बाजू जमिनीकडे केली तर उणे एक जी.

फोनमधले आकडे दाखवणारी मोफत ॲप मिळतात. जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठाने शाळा-कॉलेजांच्या प्रयोगांसाठी तयार केलेले 'फायफॉक्स' त्यांपैकी एक आहे. त्यात पृथ्वीच्या ओढीसह त्वरण दाखवणारा प्रकार निवडावा. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना हाताशी घ्या, त्यांचाही अभ्यास होईल.

कृती अशी :

(१) फोनचे कव्हर काढा. स्थिर, सपाट फरशी किंवा टेबल घ्या. शेजारी पंखा-मोटार चालू नको.

(२) फोन पाठीवर ठेवा, म्हणजे पडदा आकाशाकडे. आकडा सारखा थोडा थोडा हलताना दिसेल. म्हणून एकच आकडा न घेता दहा-वीस आकड्यांची सरासरी घ्या. फडातल्या एकाच उसाचा ब्रिक्स पाहून आपण तोडणीचा निर्णय घेत नाही, तसेच हे.

(३) आता फोन पालथा करून पुन्हा सरासरी घ्या.

(४) मग जाड पुस्तकाला टेकवून फोन उभा, उलटा उभा, डाव्या कडेवर व उजव्या कडेवर ठेवून तसेच आकडे लिहा. एकूण सहा आकडे झाले.

आता हिशेब. समजा पडद्याच्या दिशेचा आकडा पडदा वर असताना १०.१० आला आणि पालथा असताना उणे ९.७० आला.

शून्याची चूक : दोन्ही आकड्यांची चिन्हांसह बेरीज करून निम्मे करा. १०.१० वजा ९.७० म्हणजे ०.४०, त्याचे निम्मे ०.२०. म्हणजे या दिशेने सेन्सर नेहमीच ०.२० जास्त सांगतो.

मापाची चूक : दोन आकड्यांमधले एकूण अंतर काढून निम्मे करा. १०.१० पासून उणे ९.७० पर्यंत अंतर १९.८०, निम्मे ९.९०. खरे पाहिजे ९.७८. म्हणून ९.९० ला ९.७८ ने भागा, उत्तर सुमारे १.०१२. म्हणजे माप शेकडा सव्वा टक्का मोठे आहे.

दुरुस्ती : दिसलेल्या आकड्यातून आधी ०.२० वजा करा, मग १.०१२ ने भागा. पडताळा पाहा. १०.१० वजा ०.२० म्हणजे ९.९०, भागिले १.०१२, उत्तर ९.७८. पालथ्या बाजूचे, उणे ९.७० वजा ०.२० म्हणजे उणे ९.९०, भागिले १.०१२, उत्तर उणे ९.७८. जमले.

ध्यानात घ्या, नुसता पडदा वर ठेवून एकच आकडा घेतला असता तर १०.१० दिसले असते आणि '०.३२ ची चूक आहे' एवढेच कळले असते. त्यात शून्याची किती आणि मापाची किती हे कळले नसते. दोन बाजू पाहिल्याशिवाय दोन चुका वेगळ्या होत नाहीत.

शेवटचा पडताळा : तिन्ही दिशांचे दुरुस्त आकडे घ्या, प्रत्येकाचा वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. फोन कसाही तिरका ठेवला तरी, स्थिर असेल तर, उत्तर ९.७८ च्या जवळ आले पाहिजे. उदाहरणार्थ ३.००, ४.०० आणि ८.४० असे आकडे आले. वर्ग ९, १६ आणि ७०.५६, बेरीज ९५.५६, वर्गमूळ सुमारे ९.७८. एका बाजूला ९.६ आणि दुसऱ्या बाजूला ९.९ असे येऊ लागले तर जुळवणीत कुठेतरी चुकले आहे असे समजावे.

कोणी विचारील, टेबल जरा कलते असले तर? एक अंशाने कलले तर वर पाहणाऱ्या दिशेच्या आकड्यात नगण्य फरक पडतो, दहा हजारांत सुमारे दीड इतका. पण आडव्या दिशेला, जिथे शून्य हवे तिथे, ०.१७ दिसू लागते. म्हणून फोन आडवा ठेवून 'आडव्या दिशांचा आकडा शून्य नाही, म्हणजे सेन्सर चुकला' असे घाईने म्हणू नये. आधी पाणसळ लावून टेबल पाहावे. आणि फोन उन्हात तापलेला नको, कारण उष्णतेनेही शून्य सरकते.

५. एवढीशी चूक, तिचे काय एवढे?

त्वरणावरून वेग आणि वेगावरून अंतर काढता येते. पण त्यासाठी सेकंदामागून सेकंद आकड्यांची बेरीज करत जावे लागते, आणि बेरजेबरोबर चूकही साठत जाते. समजा शून्याची चूक एका जीचा फक्त शंभरावा भाग आहे. फोन टेबलावर गप्प पडलेला आहे. हिशेब करत गेलो तर एका मिनिटानंतर तो फोन सेकंदाला जवळजवळ ६ मीटर वेगाने पळतो आहे आणि १७६ मीटर दूर गेला आहे असे उत्तर येईल! सावकाराच्या चक्रवाढ व्याजाची गोष्ट जुन्या सभासदांना सांगायला नको. छोटी चूक बेरजेत सापडली की तशीच फुगते.

६. आता आपली मोटार

कारखान्यातला सेन्सरही त्वरणच मोजतो, पण पॅनेलवर आकडा दिसतो तो कंपनाच्या वेगाचा, मिलिमीटर प्रतिसेकंद या मापात. ही बेरीज पॅनेल आपोआप करते. सेन्सरला पृथ्वीची स्थिर ओढ दिसत नाही आणि पॅनेलही फार संथ हालचाल गाळून टाकते, म्हणून येथे शून्याची चूक फारशी सतावत नाही. सतावते ती मापाची चूक.

प्रत्येक सेन्सरवर त्याचे माप लिहिलेले असते, एक जी त्वरणाला किती मिलिव्होल्ट वीज देतो ते. बहुतेक ठिकाणी १०० मिलिव्होल्टचे सेन्सर असतात, पण ५० चे आणि १० चेही मिळतात. पॅनेलला आपण सांगावे लागते की कोणता सेन्सर जोडला आहे. पॅनेलला स्वतःला ते कळत नाही.

आणि नेमके येथेच आमचे चुकले होते. बंद हंगामात मोटारीवरचा जुना ५० मिलिव्होल्टचा सेन्सर काढून नवा १०० चा बसवला. पॅनेलमधले सेटिंग मात्र ५० चेच राहिले. नवा सेन्सर त्याच कंपनाला दुप्पट वीज देतो, तेव्हा पॅनेल दुप्पट आकडा दाखवू लागले. खरे कंपन ४.२ होते, पॅनेल म्हणत होते ८.४.

या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा? त्यासाठी आयएसओ २०८१६ या आंतरराष्ट्रीय मानकमालेचा तिसरा भाग आहे. ३०० किलोवॅटपेक्षा मोठ्या आणि कडक पायावर बसवलेल्या यंत्रांसाठी त्यातल्या सीमा अशा :

२.३ पर्यंत : नव्या यंत्रासारखे उत्तम.
२.३ ते ४.५ : कायम चालवायला हरकत नाही.
४.५ ते ७.१ : थोडे दिवस चालेल, पण दुरुस्तीची तयारी ठेवा.
७.१ च्या वर : यंत्राला इजा होण्याइतके.

आपली मोटार आपोआप बंद होण्याचा आकडा ७.१ वर लावलेला होता. म्हणजे ४.२ च्या कंपनाला मोटार निर्धास्त चालायला हवी होती, ती ८.४ समजून थांबली. मोटार खरी होती आणि सेन्सरही खरा होता. खोटे होते ते मधले सेटिंग, आणि ते तपासायचे काम आमचे होते.

हे सापडले कसे तेही सांगतो. हातात धरता येईल असे एक कंपन-प्रमाणक यंत्र मिळते. ते सेकंदाला १५९.२ वेळा, ठरलेल्या जोराने थरथरते. त्याचे त्वरण १० मीटर प्रतिसेकंद वर्ग इतके असते. हा १५९.२ चा आकडा मुद्दाम निवडलेला आहे, कारण त्या गतीला १० त्वरण म्हणजे बरोबर १० मिलिमीटर प्रतिसेकंद वेग आणि १० मायक्रॉन हालचाल होते. डोक्यातल्या डोक्यात हिशेब जुळतो. हे या सेन्सरांचे प्रमाणित वजनच म्हणा. त्यावर आपला सेन्सर बसवला, पॅनेलने १० दाखवायला हवे होते, दाखवले २०. दहा मिनिटांत उलगडा झाला. हीच दहा मिनिटे मोळी टाकण्याआधी दिली असती तर त्या रात्रीचे साडेचार तास वाचले असते.

पण सभासद बंधूंनो, आणखी एक विचार करा. त्या दिवशी चूक गाळप थांबवण्याच्या बाजूने झाली. समजा उलटे झाले असते, १०० चा सेन्सर काढून ५० चा बसवला असता आणि सेटिंग १०० चेच राहिले असते. मग खरे कंपन ८.४ असताना पॅनेलने ४.२ दाखवले असते आणि आम्ही निर्धास्त बसलो असतो. बेअरिंग गेले असते, कदाचित शाफ्ट वाकला असता, आणि साडेचार तासांऐवजी कित्येक दिवस गव्हाण रिकामी राहिली असती. शेजारी काम करणाऱ्या कामगाराच्या जिवाचा प्रश्न वेगळाच. जास्त दाखवणाऱ्या काट्याविरुद्ध सगळे ओरडतात. कमी दाखवणाऱ्या काट्याची भीती जास्त, कारण त्याच्याबद्दल कोणी तक्रारच करत नाही.

७. फोरमनचा हात की सेन्सर?

बेअरिंगवर हात ठेवून सांगणाऱ्या फोरमनबद्दल आम्हाला आदरच आहे. अनुभवी हाताला कंपनातला बदल लवकर कळतो. पण हात आकडा लिहून ठेवू शकत नाही आणि रात्री तीन वाजता सगळ्या बेअरिंगांवर एकाच वेळी असू शकत नाही. तेव्हा दोन्ही हवेत. आकडा एकदम बदलला आणि हाताला काही वेगळे जाणवत नाही, तर तो सेन्सर तपासण्याचा इशारा समजावा. बदल मोटारीत झाला की मापात, हा प्रश्न आधी विचारावा.

आणखी तीन ठिकाणी आकडा फसवतो :

बसवणी. सेन्सर स्क्रूने घट्ट बसलेला उत्तम. लोहचुंबकाने लावायचा तर खालचा रंग, गंज, काकवीचा थर खरवडून जागा साफ हवी. सैल सेन्सर यंत्राबरोबर हलत नाही, स्वतःचाच वेगळा नाचतो.

दिशा. आडवे, उभे आणि शाफ्टच्या रेषेतले कंपन वेगवेगळे असते. काल आडवे मोजले आणि आज उभे, तर तुलना व्यर्थ. म्हणून जागेवर रंगाने खूण करावी.

मापाची पद्धत. कंपन सारखे वर-खाली होत असते. त्याची एक विशिष्ट सरासरी घेतात तिला आरएमएस म्हणतात, आणि टोकाच्या उंचीला पीक. साध्या एकसारख्या कंपनात ४.२ आरएमएस म्हणजे सुमारे ५.९ पीक. वर दिलेल्या सीमा आरएमएसच्या आहेत. पीकचा आकडा त्यांच्याशी ताडून पाहिला तर चांगले यंत्र वाईट ठरते.

८. कोयनेची नोंद

या यंत्राचे आपल्या कृष्णा-कोयना खोऱ्याशी जुने आणि गंभीर नाते आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या अंतर्भागात त्वरण नोंदणारे यंत्र बसवलेले होते, आणि त्याने तो धक्का टिपला. धरणाच्या भिंतीला काटकोनात, म्हणजे पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेने, जवळजवळ अर्ध्या जीचे त्वरण नोंदले गेले. धरणाची आखणी करताना भूकंपाचा जोर धरलेला होता तो ०.०५ जी. म्हणजे धरलेल्याच्या जवळजवळ दहापट.

धरण उभे राहिले, पण वरच्या भागात दोन्ही अंगांना आडव्या भेगा गेल्या. नंतर त्या भेगा बुजवून भिंतीला काँक्रीटचा आधार देऊन ती बळकट करण्यात आली. ती नोंद पुढे जगभरच्या धरण-अभियंत्यांनी अभ्यासली आणि आजही काँक्रीटच्या धरणांचे हिशेब तिच्यावर तपासून पाहिले जातात. त्या पहाटे यंत्र नसते तर 'फार जोराचा धक्का होता' एवढेच आपण म्हणू शकलो असतो. किती जोराचा, हे कळले म्हणून पुढची बांधणी कशी करायची ते कळले. ज्या पाण्यावर आपल्यापैकी अनेकांचा ऊस उभा आहे, त्याच्या भिंतीची ही गोष्ट आहे.

म्हणून 'यंत्र काढून टाका' या सूचनेला आमचे उत्तर असे : यंत्र काढू नये, यंत्र तपासावे.

९. काय ठरवले आहे

त्या हंगामानंतर यंत्रशाळेने चार गोष्टी पाळायला सुरुवात केली. सेन्सर बदलला की त्याच पाळीत पॅनेलचे सेटिंग बदलून दोघांनी सही करायची. हंगामाआधी प्रत्येक सेन्सर १५९.२ च्या प्रमाणकावर तपासून आकडा वहीत लिहायचा. बसवण्याच्या जागेवर रंगाची खूण ठेवायची. आणि लाल आकडा आला तर बेअरिंग उघडण्यापूर्वी, शेजारच्या सेन्सरचा आकडा व हातातल्या मीटरचा आकडा ताडून पाहायचा. ती वही यंत्रशाळेत ठेवलेली आहे. वजनकाट्याची तपासणी पाहण्याचा जसा आपला हक्क आहे, तशी ही वहीही कोणत्याही सभासदाने येऊन पाहावी.

अभ्यासासाठी एक उदाहरण देऊन थांबतो. एका फोनची उजवी कड आकाशाकडे असताना आकडा आला ९.७४ आणि जमिनीकडे असताना उणे ९.८६. शून्याची चूक किती आणि माप किती? (उत्तर : शून्याची चूक उणे ०.०६. निम्मे अंतर ९.८०, म्हणून माप ९.७८ च्या तुलनेत सुमारे १.००२ पट.) घरातल्या मुलांकडून सोडवून घ्या, आणि स्वतःच्या फोनचे सहा आकडे काढून गट ऑफिसात आणून दाखवा. चुकले असेल तर आम्ही बसून समजावून देऊ.

आणि ज्यांनी आम्हाला सभेत उभे केले त्या आबांना नम्रपणे सांगणे की, आपला प्रश्न बरोबर होता. तो विचारला गेला म्हणूनच ही वही सुरू झाली.

कळावे.

आपले,
यंत्रशाळा व उपकरण विभाग